पन्हाळ्यावर गड समजावून सांगणारे हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुलै 2025 मध्ये पन्हाळ्यासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, याचा आम्हां कोल्हापूरकरांना अभिमान आहेच. परंतु गडावर आलेल्या माणसाला गड कळावा यासाठी काय करता येते, हे मुलाकडे जर्मनीला गेलो असता सहकुटुंब पाहिलेल्या किल्ल्यांवर ध्यानात आले, म्हणून हे पत्र.

ऱ्हाइनकाठच्या ब्राउबाख गावावरील मार्क्सबुर्ग किल्ला पन्हाळ्याच्या एका कोपऱ्यात सहज मावेल. किल्ल्यांच्या जतनासाठी स्थापन झालेल्या संस्थेने तो 1900 साली प्रशियाच्या सरकारकडून एक हजार मार्कांना विकत घेतला आणि आजही तीच संस्था तो सांभाळते. आत मात्र एकट्याने हिंडता येत नाही. ठरल्या वेळी गट जमला की गाइड सर्वांना खडकात खोदलेल्या पायऱ्यांवरून वर नेतो, मुदपाकखान्यातील भल्यामोठ्या चुलीपुढे थांबवतो आणि भिंतीबाहेर काढलेल्या शौचकुपाची रचनाही न संकोचता समजावून सांगतो. (नातवंडांना सर्वांत जास्त तेच आठवते, हे ओघाने आलेच.) मोझेल खोऱ्याजवळचा, साडेआठशेहून अधिक वर्षे एकाच घराण्याकडे असलेला एल्ट्झ किल्लाही आतून गाइडबरोबरच पाहावा लागतो, तिथे दालनांत छायाचित्रे काढण्यास मनाई असल्यामुळे आमच्या घरची मंडळी प्रथमच मोबाइल खिशात ठेवून वस्तू पाहत होती.

परतल्यावर एका रविवारी पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यापाशी, म्हणजे गडाच्या जुन्या धान्यकोठारांपाशी, अर्धा तास उभा राहिलो. लोक त्यांतल्या गंगा कोठीत डोकावत, हाक मारून आवाज घुमतो का ते पाहत आणि झुणका-भाकरीकडे वळत. वरच्या झरोक्यांतून धान्य आत कसे ओतले जाई, 1660 मध्ये सिद्दी जौहरचा वेढा महिनोन्‌महिने पडलेला असताना या कोठारांचे मोल काय होते, हे सांगणारे निदान त्या दिवशी तिथे कोणी नव्हते. 1844 च्या गडकऱ्यांच्या (गडांवरील शिबंदीच्या) उठावानंतर इंग्रजांनी पाडलेल्या ‘चार दरवाजा’ या प्रवेशद्वाराच्या अवशेषांवरून तर गाड्या थेट पुढे जातात.

संबंधितांनी पन्हाळ्यावरच्याच तरुण-तरुणींना प्रशिक्षण द्यावे, ठरावीक दराचे तिकीट ठेवावे आणि दर तासाला मराठीतून फेरी सुरू करावी. शालेय सहलींना ती विनामूल्य असावी. पहिले काही महिने केवळ अंबरखाना आणि तीन दरवाजा, तेही शनिवार-रविवारपुरते, एवढ्यावर भागले तरी चालेल.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर