तुझ्या कंपासपेटीतल्या त्या पेनबद्दल

पिल्लू,

मेसेज मोठा आहे, आधीच सांगतो. रविवारी आपण दोघं जे काही ओरडलो त्यातलं निम्मं मला आठवत नाहीये आणि जे आठवतंय त्याची लाज वाटतीये, म्हणून टाइप करतोय. समोरासमोर बसलो की माझा आवाज चढतो, मग तुझा चढतो, मग आई मधे पडते आणि मूळ विषय राहतो बाजूलाच.

पहिली गोष्ट, मी तुझी बॅग तपासत नव्हतो. मला पट्टी हवी होती म्हणून कंपासपेटी उघडली, त्यात ते गुलाबी काहीतरी दिसलं, मला वाटलं हायलायटर आहे, टोपण काढायला गेलो तर निघेना. खाली बघितलं तर चार्जिंगचं भोक. म्हणलं पेनड्राइव्ह वगैरे असेल, वायर लावली तर बुडाशी लाइट लुकलुकायला लागला, आणि नाकाशी नेलं तर बबलगमचा वास. तेव्हा कुठे ट्यूब पेटली की ही वेप आहे, म्हणजे ई-सिगरेट. वीस वर्षं सिगरेट ओढलेला माणूस मी, आणि मला हातात धरून कळलं नाही की हे काय आहे. आईबापांना आणि शिक्षकांना कळू नये असाच त्याचा आकार असतो, हे मला नंतर वाचल्यावर समजलं.

तू म्हणालीस "बाबा ही स्मोकिंग नाहीये, नुसती वाफ आहे". वाफ म्हणजे पाणी गं. त्यात पाणी नसतंच जवळपास. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, फ्लेवरची केमिकल्स आणि निकोटीन असं ते लिक्विड असतं, एक छोटी कॉइल ते तापवते आणि त्याचे बारीक थेंब हवेत उडतात, ते तू आत घेतेस, सोबत कॉइलच्या धातूचे थोडे कण पण. सिगरेटसारखं काही जळत नाही, त्यामुळे टार नाही, कार्बन मोनॉक्साइड नाही, हे खरंय आणि ते मी मान्य करतो. तुला घाबरवायला खोटं सांगणार नाही. एखादा जन्माचा सिगरेटवाला पूर्णपणे यावर आला तर त्याच्या शरीराला सिगरेटपेक्षा कमी त्रास होतो. ही वस्तू निघाली पण त्यासाठीच. होन लिक नावाच्या चिनी फार्मासिस्टने २००३ च्या सुमारास आत्ताची ई-सिगरेट बनवली, तो स्वतः भयंकर ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कॅन्सरने गेले. पण तू कधी सिगरेट ओढलीच नाहीयेस. तू कशापासून सुटायला हे घेतेस? तुझ्यासाठी ती सुटका नाही, सुरुवात आहे.

आता मी जेव्हा सतराव्या वर्षी पहिला झुरका मारला तेव्हा काय झालं ते सांगतो. डोळ्यांतून पाणी, ठसका, मित्र हसतायत, उलटी व्हायची बाकी. म्हणजे शरीर सांगत होतं बाबारे नको. मी ऐकलं नाही तो भाग वेगळा, पण दारावर वॉचमन तरी होता. तुझ्या त्या पेनमधे तो वॉचमनच काढून टाकलाय. साधं निकोटीन जास्त प्रमाणात घशाला झोंबतं, म्हणून त्यात बेन्झॉइक ॲसिडसारखं ॲसिड घालून त्याचं सॉल्ट बनवतात, मग तेच निकोटीन भरपूर घातलं तरी घशाला मऊ लागतं. २०१५ मधे जूल नावाचं पेनड्राइव्हसारखं डिव्हाइस अमेरिकेत आलं ते हीच युक्ती घेऊन, एका मिलिलिटरला साधारण ५९ मिलिग्रॅम निकोटीन. आणि गंमत बघ, युरोपियन युनियनचा नियम होता की २० मिलिग्रॅमच्या वर चालणार नाही, तर तीच कंपनी तेच डिव्हाइस तिकडे २० च्या आत विकत होती. पोरं दोन्हीकडची सारखीच ना? फुप्फुसं, मेंदू, सगळं सारखं. फरक फक्त सरकारने रेघ कुठे ओढली याचा. तू म्हणतेस ना "नियमांनी काय होतं", तर एवढं होतं.

बरं नियम फुलप्रूफ असतात असं माझं म्हणणं अजिबात नाही. उलट वाचत गेलो तसं मला हसूच यायला लागलं, अक्षरशः चोर-पोलीस चाललंय. अमेरिकेत २०१९ मधे हायस्कूलमधली २७.५ टक्के मुलं महिन्याभरात वेप केलंय म्हणाली, सरकार हादरलं. त्याच डिसेंबरमधे विकत घ्यायचं वय १८ चं २१ केलं आणि २०२० च्या जानेवारीत एफडीएने, म्हणजे तिकडे औषधं आणि तंबाखूवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, सांगितलं की कार्ट्रिजवाल्या (लिक्विडची डबी बदलता येणाऱ्या) डिव्हाइसमधे फळांचे वगैरे फ्लेवर नकोत, फक्त तंबाखू आणि मेंथॉल. पण यात वापरून फेकायचे डिस्पोजेबल राहून गेले. झालं, सगळी पोरं डिस्पोजेबलकडे, पफ बार नावाचा ब्रँड २०२१ मधे शाळेतल्या मुलांत एक नंबर. मग त्यांच्यामागे लागले तर ते म्हणाले आमचं निकोटीन तंबाखूतून काढलेलंच नाही, लॅबमधे बनवलंय, आणि तुमचा कायदा तर तंबाखूपासून बनलेल्या वस्तूंचा आहे! वकिली डोकं बघ. शेवटी २०२२ मधे अमेरिकेच्या संसदेला कायद्यात लिहावं लागलं की निकोटीन कुठूनही आणा, नियम तोच. ब्रिटनने १ जून २०२५ पासून डिस्पोजेबलची विक्री बंद केली तर जवळजवळ तसंच दिसणारं, फक्त चार्ज करता येणारं आणि पॉड, म्हणजे लिक्विडची डबी, बदलता येणारं मॉडेल बाजारात हजर. तुझं पेन पण त्याच जातीचं दिसतंय.

आणि फ्लेवर. अमेरिकेत ज्या फ्लेवरच्या लिक्विडना परवानगी नाकारली त्यातल्या एकाचं नाव होतं मदर्स मिल्क अँड कुकीज. आईचं दूध आणि बिस्कीट! कंपन्यांनी केस सुप्रीम कोर्टापर्यंत नेली आणि एप्रिल २०२५ मधे कोर्टाने एकमताने एफडीएच्या बाजूने निकाल दिला. कंपन्या म्हणत होत्या हे मोठ्या माणसांनी सिगरेट सोडावी म्हणून आहे. मी सिगरेट सोडली तेव्हा मला आईचं दूध आठवत नव्हतं, एवढंच सांगतो. २०२४ च्या सर्व्हेत वेप करणाऱ्या शाळकरी मुलांतली ८७.६ टक्के फ्लेवरवालंच घेत होती, तुझं ते बबलगम कुणासाठी बनवलंय हे यात आलं.

त्याच सर्व्हेतली अजून एक गोष्ट. तू म्हणालीस "सगळेच करतात". २०२४ मधे तिकडच्या शाळांत वेप करणारी मुलं ५.९ टक्के निघाली, आणि सगळ्यात वाईट वर्षी, २०१९ मधे, हायस्कूलची दर चारातली जवळपास तीन करत नव्हती. जी करत नाहीत ती कशाला बोलतील, म्हणून तुला ती दिसत नाहीत. माझ्या वेळी मला पण वाटायचं अख्खं कॉलेज ओढतंय, मोजली असती तर आम्ही सातजण होतो.

"मग मोठ्यांना चालतं आणि मला का नाही" हा तुझा प्रश्न मात्र बरोबर होता आणि मी त्यावर नुसता ओरडलो, सॉरी. इंग्लंडचं सरकार २०२३ मधे म्हणालं की सिगरेट सोडायला तयार असलेल्या दहा लाख लोकांना वेपचं किट देऊ, आणि तेच सरकार अठराच्या आतल्याला विकलं तर दुकानदारावर केस करतं. वरवर दुटप्पी वाटतं पण नाहीये. माणसाचा मेंदू साधारण पंचविशीपर्यंत तयार होत असतो, लक्ष देणं, स्वतःला थांबवणं हा भाग सगळ्यात शेवटी पक्का होतो, आणि निकोटीन नेमकं तिथेच गडबड करतं, तुझ्या वयात सवय लवकर लागते आणि खोल बसते. अमेरिकेने २१ वर्षं का केलं, तर अठराचा मुलगा अजून शाळेतल्यांबरोबर फिरतो आणि पंधरा-सोळावाल्यांना आणून देतो, एकवीसचा सहसा त्या ग्रुपमधे नसतो. साधा हिशोब आहे.

यातल्या जवळजवळ सगळ्या कायद्यांत बोट विकणाऱ्याकडे आहे, मुलाकडे नाही. भारताचा २०१९ चा कायदा तर यांतला सगळ्यात कडक, बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात, साठा सगळंच बंद, पहिल्यांदा विकताना सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पण नुसतं ओढणाऱ्याला त्यात शिक्षा लिहिलेली नाही. तू "पोलीस पकडतील का" विचारत होतीस ना रडत, तर मला ती भीती तुझ्या डोक्यात नकोच आहे. आणि कुणाकडून घेतलंस ते नाव मी विचारणार नाही, रविवारी विचारलं ते चुकलं. फक्त एवढं बघ की तुला ते देणाऱ्याला पैसे मिळाले आणि रडायला तू एकटी होतीस.

बंदी असली की माल चोरून येतो हे तुझं म्हणणं पण खरंय, आणि मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. चोरीच्या मालावर जे छापलंय ते आत असेलच असं नाही. २०१९ मधे अमेरिकेत धडधाकट लोक अचानक श्वास लागून हॉस्पिटलमधे यायला लागले, फेब्रुवारी २०२० पर्यंत २८०७ जण, ६८ गेले, आजारी पडलेल्यांत दर शंभरात साधारण १५ अठराच्या आतले. बहुतेकांनी गांजाचा अर्क असलेली कार्ट्रिज इकडून तिकडून घेतली होती आणि त्यात घट्टपणा यायला व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. तुझ्यात ते असेल असं म्हणत नाहीये. पण काय आहे ते तुलाही माहीत नाही ना?

आता जे रविवारी बोलायचं राहिलं ते. तू म्हणालीस "मी कधीपण सोडू शकते". हे वाक्य मी वीस वर्षं बोललोय. निकोटीन रक्तात साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, मग मेंदू मागायला लागतो, आणि आपल्याला वाटतं आपल्याला टेन्शन आलंय. सहामाहीला गणिताच्या पेपरात तू दोनदा बाथरूमला गेलीस असं टीचर आईला म्हणाल्या होत्या, आम्हाला वाटलं तुला बरं नव्हतं. मी काही त्याचा अर्थ लावत नाही, तो तुलाच माहीत.

तुझा जन्म झाला ती रात्र. पहाटे चार वाजून काही मिनिटं झाली होती, नर्स बाहेर येऊन माझं नाव घेत होती आणि मी नव्हतो. मी खाली गेटबाहेर होतो, सिगरेट ओढत. त्याआधी तासाभरात तिसरी. वर आलो तोपर्यंत तू आजीच्या हातात होतीस, तिने माझ्या हाताचा वास घेतला आणि म्हणाली आधी साबणाने धुऊन ये. तुला पहिल्यांदा घ्यायला मी बेसिनपाशी पाच मिनिटं हात घासत होतो. आईला मी सांगितलं होतं गाडी लावायला गेलो होतो. तिला आजवर हेच माहीत आहे, आता तू सांगितलंस तरी चालेल. त्यानंतरही सुटायला सहा वर्षं लागली, म्हणजे बघ.

तर पेन मी फेकलेलं नाही. बॅटरी असते त्यात, कचऱ्यात टाकायचं नसतं ते, पेट घेऊ शकतं. माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमधे आहे, शनिवारी ई-कचऱ्यात दोघं मिळून देऊन येऊ. किल्ली लावलेली नाही, मुद्दाम. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट जातात, चिडचिड होईल, झोप उडेल, डोकं चालणार नाही, मग हळूहळू उतरतं, काही आठवडे लागतात. फारच जड गेलं तर डॉक्टरकडे जाऊ, मी सोडताना गेलो होतो, त्यात काही नाही. माझ्यावर ओरडलीस तरी या दोन आठवड्यांत मी उलटं बोलणार नाही, आईलाही सांगून ठेवलंय.

रात्री ड्रॉवरकडे यावंसं वाटलं तर आधी मला हलव. मी काही लेक्चर देणार नाही, पत्ते काढू.

बाबा

ता.क. त्याला लावलेली चार्जिंगची वायर तुझी होती, परत ठेवलीये. पट्टी अजून सापडली नाही.