ऑइस्टिन्सची शुक्रवारची रात्र

टोरोंटो, रविवार रात्र

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज तिकडे असतानाच आला होता, पण फोनवर दोन ओळीत उत्तर द्यायचं मनात नव्हतं म्हणून घरी येऊन निवांत लिहितोय. तू विचारलंस की बार्बाडोसला अंधार पडल्यावर लोक करतात तरी काय आणि विकत काय घेतात, कारण तुझ्या तारकर्लीच्या होमस्टेवर पाहुणे दिवसभर खूश असतात आणि सूर्य बुडाला की मोबाईल काढून बसतात. हा प्रश्न डोक्यात घेऊनच मी आठवडाभर फिरलो बघ, वैशाली पण म्हणाली की तू सुट्टीवर आलायस की पम्याच्या कामाला.

तर आधी सगळ्यात महत्त्वाचं, शुक्रवारची रात्र. बेटाच्या दक्षिणेला ऑइस्टिन्स म्हणून कोळ्यांचं गाव आहे, तिथे मासे उतरवायचा धक्का आणि मासळीबाजार आणि त्याला लागूनच रंगीत टपऱ्यांची रांग. आठवडाभर जेवण मिळतंच तिथे पण शुक्रवारी सगळं बेट लोटतं. आम्ही सातला पोचलो तर आधीच धूर, निखारे, आणि प्रत्येक टपरीसमोर लाकडी बाकं टाकलेली, अनोळखी माणसाच्या शेजारी बसायचं आणि जेवायचं. मार्लिन, ट्यूना, तांबोशासारखा स्नॅपर, आणि माहीमाही ज्याला तिथले लोक सरळ डॉल्फिन म्हणतात, वैशालीनं ते फळ्यावर वाचलं आणि तिचा चेहराच उतरला, मग काउंटरवरच्या बाईनं समजावलं की तो पाण्यातून उड्या मारणारा डॉल्फिन नव्हे गं, हा साधा मासा. मासा मसाल्यात मुरवून जाळीवर भाजतात, बरोबर मॅकरोनी पाय म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, डाळभात म्हणावा असा राइस अँड पीज, तळलेलं केळं, आणि पिवळी मिरचीची चटणी, मोहरी घातलेली आणि अशी झणझणीत की तुझ्या आईची आठवण झाली.

पण मी तुला जेवणाबद्दल सांगायला नाही बसलो. एका बाजूला स्टेजवर मोठमोठ्यानं गाणी चालू, तरुण पोरंपोरी नाचतायत, ते कुठेही असतं. जरा पलीकडे गेलं की दुसरा एक कोपरा आहे, तिथे जुनी गाणी लागलेली असतात आणि सत्तरीच्या आसपासची जोडपी नाचत असतात रे. इस्त्रीची पँट, डोक्यावर हॅट, आजी झुळझुळीत ड्रेसमध्ये, एकमेकांचा हात धरून अगदी सावकाश, एक पाऊल चुकत नाही. कोणी त्यांचे व्हिडिओ काढायला येवो न येवो त्यांना काही नाही, ते दर शुक्रवारी येतात. शेजारी सोंगट्यांच्या टेबलांवर ड्राफ्ट्स आणि डॉमिनोज चालू, सोंगटी अशी आपटतात की टेबल हलतं. ड्राफ्ट्सचा एकेकाळचा जागतिक चॅम्पियन सुकी किंग ह्याच बेटाचा, त्यामुळे तिथे तो खेळ म्हणजे टाइमपास नाही. नातू आजोबांच्या मागे उभा राहून चाली बघतोय, आई टपरीवर मासा भाजतेय, बाप बिअरचे क्रेट उचलतोय. मी तासभर तिथेच उभा होतो. आमच्याकडे अशी एक तरी जागा आहे का जिथे आजी आणि नात एकाच रात्री बाहेर पडतात आणि दोघींनाही मजा येते? जत्रा सोडून मला आठवली नाही.

आणि लक्षात घे, हे कोणी पर्यटकांसाठी मांडलेलं नाही. तिथले लोक स्वतः येतात, आपण त्यांच्यात जाऊन बसतो. मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे खरं तर.

नाइटक्लबवाली बाजू पण पाहिली, नाही असं नाही. सेंट लॉरेन्स गॅप म्हणून एक रस्ता आहे, सगळे नुसतं गॅप म्हणतात, दीडेक किलोमीटरच्या आतबाहेर, दोन्ही बाजूंनी बार, हॉटेलं, क्लब. अकराच्या आधी तिथे काही जान नसते. आवाज छान, लाइट छान, पण तीच गाणी आणि तीच गर्दी मला टोरोंटोतही मिळते म्हणून एका रात्रीत आटोपलं.

त्यापेक्षा रम शॉप. छोटं लाकडी दुकान, रम नाहीतर बिअर कंपनीच्या रंगात रंगवलेलं, आत किराणा पण आणि दारू पण, आणि बाहेर बाकडं. गप्पा मारत नुसतं बसून राहायला तिकडे लायमिंग म्हणतात, आपला कट्टाच. रमचं तर बोलायलाच नको, माउंट गे ह्या डिस्टिलरीचा सगळ्यात जुना कागद 1703 सालचा आहे. रम पंचचं माप तिथे शाळेतल्या पाढ्यासारखं पाठ असतं, एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पाणचट, आणि वरून जायफळ किसायचं. जायफळ! तू आंब्याच्या नाहीतर कोकमाच्या सरबतावर करून बघ. एका दुकानात म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं कुठले, म्हटलं मूळचे मुंबईकडचे, तर लगेच म्हणाले गावस्कर! 1971 ला इथल्या राजधानीच्या, ब्रिजटाऊनच्या टेस्टमध्ये गावस्करनं दुसऱ्या डावात नाबाद 117 केले होते आणि आपल्या गोव्याच्या सरदेसाईंनी 150, त्यांनी मला तो डाव असा ऐकवला जणू कालच संपलाय. दुसऱ्या दिवशी ते मैदान, केन्सिंग्टन ओव्हल, बाहेरून बघून आलो. 29 जून 2024 ला टी-ट्वेंटी वर्ल्ड कपची फायनल आपण तिथेच 7 धावांनी जिंकलो, रोहितनं खेळपट्टीवरचं गवत तोंडात घातलं, तू मला रात्री फोन करून रडत होतास आठवतं का. त्या भिंतीला हात लावला आणि मला पण भरून आलं.

आता खरेदी. ब्रिजटाऊनला ब्रॉड स्ट्रीटवर ड्यूटी फ्रीची मोठी दुकानं आहेत, घड्याळं, दागिने, परफ्यूम, पासपोर्ट आणि परतीचं तिकीट दाखवलं की कर लागत नाही. हिशोब सोपा, तिथले दोन डॉलर म्हणजे अमेरिकेचा एक, हे कित्येक वर्षं तसंच ठरवून ठेवलंय. पण तिथून मी एकच गोष्ट घेतली आणि पस्तावलो, बार्बाडोस लिहिलेला टीशर्ट, घरी येऊन आतली पट्टी वाचली तर दुसऱ्याच देशात शिवलेला. तुझ्या दुकानात असलं काही ठेवू नकोस, कळकळीनं सांगतो.

मागच्या स्वान स्ट्रीटवर मात्र रमलो. कापडाची दुकानं, रस्त्यावर फळवाल्या बाया, आणि बरेच दुकानदार गुजराती! शंभरेक वर्षांपूर्वी सुरतेकडच्या गावांतून माणसं आली, सुटकेसमध्ये कापड घेऊन घरोघर फिरायची आणि आठवड्याच्या हप्त्यानं उधार द्यायची, त्यांचीच ही पुढची पिढी. वैशालीनं गुजरातीत दोन वाक्यं टाकली तर काकांनी खुर्ची दिली बसायला.

दुसरी मनात राहिलेली खरेदी म्हणजे चॅटल हाउसमधली. 1838 ला गुलाम पूर्ण सुटले पण जमीन मळेवाल्यांचीच राहिली, म्हणून लोकांनी अशी लाकडी घरं बांधली की मालकानं हाकललं तर घर सुटं करून गाडीवर घालून नवीन जागी नेता यावं. तशीच रंगीत घरं आता होलटाऊनला दुकानं म्हणून उभी केलीत. हे कळल्यावर मी त्या उंबऱ्यातून आत जाताना जरा थांबलोच. मातीचा एक वाडगा घेतला, बेटावरच केलेला, तो आता रोज वापरात आहे.

आणि चिंचेच्या गोळ्या रे! साखरेत घोळवलेल्या, टॅमरिंड बॉल म्हणून बाटलीत ठेवून विकतात, तोंडात टाकली आणि थेट शाळेबाहेरची म्हातारी समोर उभी राहिली. बाजारात नीरफणस पण ढिगानं, आपल्यासारखीच कापं करतात, आणि गोल पावात दोन माशांचे वडे घालून देतात त्याला ब्रेड अँड टू म्हणतात. वडापावच की. फिरायला झेडआर नावाच्या पांढऱ्या व्हॅन, साडेतीन बार्बाडोस डॉलरात कुठेही, माणसं कोंबून आणि गाणी फुल, एकदम आपलं वडाप. एक लक्षात ठेव, कधी गेलास तर लष्करी छापाचे कपडे नेऊ नकोस, तिथे सामान्य माणसानं घालायला बंदी आहे. आणि किनारे सगळे सर्वांसाठी खुले, कितीही महाग हॉटेल असू दे समोरची वाळू त्याची नाही.

ऑइस्टिन्सच्या त्या मासा भाजणाऱ्या बाईशी निघताना बोललो. 2024 च्या बेरिल वादळात तिकडच्या मच्छीमार बोटींचं फार नुकसान झालं, तिच्या भावाची बोट पण गेली. मी तिला तौक्तेचं सांगितलं, काकांची होडी कशी गेली आणि तुम्ही वर्षभर कसे काढलेत ते. ती ऐकत राहिली, मग म्हणाली की बोट येईपर्यंत टपरीनंच घर चालवलं.

तर मला वाटतं, तू पाहुण्यांसाठी डीजे आणायचा विचार सोड. मालवणच्या धक्क्यावर संध्याकाळी लिलाव होतोच, तिथून आणलेला बांगडा अंगणात वहिनी आणि शेजारच्या काकू भाजतील, बाकं टाक, आठवड्यातला एकच दिवस ठरव, आणि गावातल्या म्हाताऱ्यांना आधी बोलव. दशावतारातले नाना पेटी घेऊन आले तर अजून काय पाहिजे. गावातली माणसं स्वतः आली पाहिजेत, पाहुणे मग आपोआप येतील. पहिल्या दिवसाची बाकं माझ्याकडून, नाही म्हणू नकोस.

चिंचेच्या गोळ्यांचा डबा मिलिंदबरोबर पाठवतोय, तो पुढच्या महिन्यात कुडाळला उतरेल. अर्ध्या काकांना दे. आणि होडीचं इंजिन आलं का ते कळव.

तुझा,
बाळ्या