टॅन्डेरा खिंडीच्या वर

प्रिय विन्या,

तब्येती ठीक. माझी बीपीची गोळी चालू आहे, बाकी काही नाही. पत्र ओमबद्दल आहे. सीमाला सांगून पाहिलं, तर म्हणाली, "पोरगा डोंगर चढला, धडधाकट उतरला, यात काळजी कसली?" म्हणून तुला लिहितोय.

जुलैच्या सुट्टीत फ्लिंडर्स रेंजेसला गेलो होतो, ओमचे दोन मित्रही होते. अ‍ॅडलेडहून उत्तरेला चारशेहून जास्त किलोमीटर. गव्हाची शेतं संपली की लाल माती, खुरटी झुडपं आणि त्यातून एकदम उठलेले डोंगर. विल्पेना पाउंड तू पाहायलाच हवास. वरून ज्वालामुखीचं विवर वाटतं, पण आहे दुमडलेल्या खडकाची, कडा उचललेली अवाढव्य परात. तिथले मूळचे अद्न्यामथान्हा लोक त्याला इकारा म्हणतात. दोन प्रचंड सर्प आले, जमलेल्या माणसांना खाऊन सुस्तावले आणि तिथेच मेले, त्यांच्या अंगाच्या या भिंती झाल्या, अशी त्यांची कथा. सर्वात उंच सेंट मेरी शिखर, ११७१ मीटर, हे एका सर्पाचं डोकं. म्हणून पाहुण्यांनी टॅन्डेरा खिंडीच्या वर जाऊ नये, अशी त्यांची विनंती आहे. बंदी नाही. वाटेच्या खुणा पार टोकापर्यंत आहेत.

खिंडीआधीचा टप्पा हातपाय लावून चढायचा, तुला आवडला असता. वर पोचलो आणि मी सॅक उतरवली. मित्र पुढे निघाले, ओमही निघाला. मी अडवलं तर म्हणतो, "बाबा, विनंती म्हणजे ज्याने त्याने ठरवायचं ना? आणि कळसूबाईच्या तर डोक्यावर देऊळ आहे. तिथे तूच मला नेलंस."

विन्या, मला उत्तर सुचलं नाही. कळसूबाई आपल्याला वर बोलावते, म्हणून आपण जातो. इथे ज्यांचा देव आहे तेच सांगताहेत, येऊ नका. हे मला तो दिसेनासा झाल्यावर सुचलं. वाऱ्यात बसून राहिलो. तो परत आला तेव्हा खूश होता, फोटो दाखवत होता, आणि मी ते पाहिले. तेच मनातून जात नाही.

तेव्हा आहुप्याची देवराई आठवली. दिल्याने चुलीसाठी वाळकी फांदी उचलली आणि तू ती जिथल्या तिथे ठेवायला लावलीस. "वाळलं तरी देवाचंच." घाट उतरेपर्यंत तुम्ही दोघं बोलला नाहीत. मी तुझ्याच बाजूचा होतो. (काडेपेटी मात्र तूच घरी विसरला होतास, ते मी अजून सोडलेलं नाही.)

आणि पोरगा बेपर्वा आहे असंही नाही रे. दुसऱ्या दिवशी पहाटे ब्राचिना घळीत पिवळ्या पायांचा रॉक वॉलबी, म्हणजे छोट्या कांगारूसारखा प्राणी, दिसला. कपारीत बसलेला, शेपटीवर तपकिरी-पिवळी वलयं, कान सारखे हलत होते. शिकारीने, मग कोल्ह्यांनी आणि मोकाट शेळ्यांनी हा प्राणी संपत आणला होता. १९९२पासून हे कोल्हे आणि शेळ्या कमी करत करत त्याला सावरलंय. मित्राने गाडीचं दार उघडलं तर ओमने दंड धरून त्याला थांबवलं. किती तरी वेळ हलला नाही. जनावराचा एवढा मान राखणाऱ्याला माणसांचा शब्द का दिसू नये? की इथे आम्हीही बाहेरचेच, म्हणून मलाच ठामपणे बोलता येत नाही?

डिसेंबरात तो पुण्याला येतोय. त्याला आहुप्याला ने. प्रवचन नको, नुसता ने. काय विचारतो ते ऐक आणि मला कळव.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंचा गुडघा कसा आहे? मुक्ताला दहावीसाठी शुभेच्छा. दिल्या भेटला तर सांग, त्याची आठवण काढली.

तुझा,
मन्या