चाचा, किल्ली माझ्या हातात दिलीत त्याबद्दल

चाचांना सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, लिहिलेलं तुम्हाला आवडणार नाही. मिरज रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमधले चाचा एवढं म्हटलं की ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

आईचं डायलिसिस मिरजेला असतं. चार तास मशीनवर काढून ती बाहेर येते तेव्हा बोलायचंही त्राण तिच्यात उरलेलं नसतं. येताना विश्रामबागला औषधं घ्यायला गाडी थांबवायची आणि पुन्हा किल्ली फिरवली की सेल्फ नुसताच फिरत राहायचा. गाडी स्टार्ट व्हायचं नाव घ्यायची नाही. उन्हाळ्यातलं सांगलीचं ऊन, मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेली आई आणि पाठीमागून वाजणारे हॉर्न. मग अर्ध्या-पाऊण तासानं तीच गाडी पहिल्या सेल्फला चालू! दवाखान्याबाहेर मात्र तिनं कधी दगा दिला नाही, कारण चार तासांत इंजिन निवलेलं असायचं. आणि गॅरेजला टो करून नेईपर्यंतही निवायचंच. तिथं मिस्त्रीनं किल्ली फिरवली की चालू. “मॅडम, गाडी तर ओके आहे.”

हे वाक्य मी इतकं ऐकलंय की अजूनही आठवलं की डोकं तापतं. बॅटरी बदलली. प्लग बदलले. मग टाकीतला पेट्रोलचा पंप बदलायला लावला, त्याचं बिल भरताना आईच्या इंजेक्शनांचे पैसे मोडले. एकानंही विचारलं नाही की बाई, हे होतं कधी? “गरम झाली की होतं” असं मी आपणहून सांगत होते, तर ऐकणारा मान फिरवून माझ्या भावाशी बोलायचा. भाऊ पुण्याला असतो, ही गाडी तो चालवतही नाही. “लेडीज हँडलिंग आहे, होतं असं,” हे त्याला सांगितलं गेलं, माझ्यासमोर. मी वीस वर्षं गाडी चालवतेय. सेल्फ जोरात फिरतोय, दिवे मंद होत नाहीत, तर बॅटरीवर संशय कशाला, एवढं तरी त्यांना कळायला हवं होतं.

तुमच्याकडे आले तेव्हाही भाऊ सोबत होता आणि सवयीनं तोच बोलायला लागला. तुम्ही त्याला हातानं थांबवलंत. माझ्याकडे वळून म्हणालात, “ताई, गाडी तुम्ही चालवताय न्हवं? मग तुम्हीच सांगा.” आणि मी बोलत होते तोवर तुम्ही बॉनेटला हातसुद्धा लावला नाहीत. मग भर दुपारी गाडी फिरवून, चांगली तापवून आणायला लावलीत, शेडबाहेर बंद करून ठेवलीत आणि आम्ही वाट बघत बसलो. आईला तोवर तुमची स्वतःची खुर्ची पंख्याखाली दिली होतीत.

पुन्हा चालू करायची वेळ आली तेव्हा तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. “तुम्ही सेल्फ मारा. इंजिनचे फेरे दाखवणारी आर.पी.एम.ची सुई बघा, हलती का सांगा.” तुम्ही मागच्या सीटवर वाकून पंपाचा आवाज ऐकत होतात. किल्ली ऑन केल्यावर तो एक-दोन सेकंद घूं करतो, हे मला त्या दिवशी कळलं. मिरजेतले कारागीर तंबोऱ्याची जवारी लावताना जसा कान देतात, तसा तुम्ही कान दिला होतात. पंप बोलला. सेल्फ फिरला. सुई शून्यावरून तसूभरही हलली नाही. “नाही हलत,” मी ओरडलेच. तुम्ही म्हणालात, “बघा, तुम्हीच धरला की चोर.”

चाचा, त्या एका वाक्यासाठी हे सगळं लिहायला बसलेय.

इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला क्रँक सेन्सर सांगतो, आणि त्यानं सांगितलं नाही तर कॉम्प्युटर ना ठिणगी देतो, ना पेट्रोल सोडतो, ना सुई हलवतो. या सेन्सरच्या आतलं वायंडिंग, म्हणजे बारीक तारेचं वेटोळं, तापलं की तुटायचं आणि निवलं की जुळायचं. हे तुम्ही मला सांगितलंत, भावाला नाही. सुई प्रत्येक गाडीत अशी खूण देईलच असं नाही, हेही बजावलंत. मग सेन्सरवर ओलं फडकं धरून तो गार केलात आणि गाडी चालू झाली. तेव्हा कुठं नवीन सेन्सर मागवलात. आधी खात्री, मग खर्च. जुना माझ्या हातावर ठेवलात. पेट्रोलच्या पंपाच्या तुलनेत त्याची किंमत काहीच नव्हती.

आणखी एक गोष्ट मनात राहिलीय. भावानं आधीच्या गॅरेजवाल्यांना शिव्या घातल्या, तेव्हा तुम्ही साथ दिली नाहीत. “गाडी त्यांच्यासमोर बंद पडली नसंल,” एवढंच म्हणालात. मला अजून त्यांचा राग आहे आणि तो मी सोडणार नाही. पण तुमच्या तोंडून कुणाबद्दल वाईट निघालं नाही, हे आईनं घरी आल्यावर स्वतः होऊन सांगितलं. डायलिसिसच्या दिवशी ती सहसा एक शब्द बोलत नाही. कामात हुशार माणसं सांगली-मिरजेत पुष्कळ आहेत. समोरच्याला मान देऊन काम करणारी माणसं हवीत, रिक्षा स्टँडवर, दवाखान्याच्या खिडकीवर, बँकेत, सगळीकडे.

मजुरी तुम्ही कमी घेतलीत, हे बिल बघूनच कळलं. आईनं तासगावचे बेदाणे काढून ठेवलेत, ते घ्यावे लागतील, त्यावर वाद घालायचा नाही.

आमच्या शाळेतल्या एका बाईंची गाडीही सेल्फ फिरून चालू होत नाही. मी त्यांना किल्ली फिरवायला लावून सुईकडे बघत राहिले. त्यांची सुई हलते, पण मागच्या सीटखालून पंपाचा आवाज येत नाही. सोमवारी त्यांना तुमच्याकडे पाठवतेय. बोलणं त्यांच्याशीच करा, गाडी त्याच चालवतात.

तुमची,
विश्रामबागची ताई