‘धुवू नका’ म्हणणाऱ्या काकांना

प्रिय काका,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेले की तुम्ही “बरं बरं, गाडी कशी चालतेय ते सांग” म्हणून विषय बदलता. समोर आले तर चष्मा पुसत बसता. म्हणून हे पत्र, तेही सगळ्यांदेखत. तुम्ही जे शिकवलंत ते माझ्या एका गाडीपुरतं वापरून संपवणं मला पटत नाही. जन्मभर दुसऱ्यांचे हिशेब तपासले, त्यामुळे काही वाया गेलेलं बघवत नाही.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण वाचणाऱ्यांना सांगायला हवं. गाडी दोन वर्षं चार महिन्यांची, ३८ हजार किलोमीटर झालेली. वॉरंटी तीन वर्षांची. एका संध्याकाळी वळण घेताना तेलाच्या झारीचा तो लाल दिवा लुकलुकला आणि विझला. मी घरी येऊन डिपस्टिक पाहिली, ऑइल पुरेसं होतं, म्हणून निश्चिंत झाले. दोन दिवसांनी दिवा लागला तो लागलाच, आणि बॉनेटखालून कोणी दार ठोठावत असल्यासारखा आवाज सुरू झाला. गाडी कडेला घेऊन बंद केली. टो करायला आलेल्या मुलानं एकदाच स्टार्टर मारून पाहिला आणि म्हणाला, “रॉड बोलतोय. इंजिन गेलं.”

तिसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरचा फोन. “मॅडम, ऑइल वेळेवर बदललेलं नाही. क्लेम बसणार नाही.” वर “साहेबांशी बोलता येईल का?” साहेब कोणी नव्हते. गाडी माझी, हप्ते माझे, तो आवाज ऐकणारे कानही माझेच.

त्या रात्री तुमच्या सुनेनं, म्हणजे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीनं, तुम्हाला फोन दिला. मी रडवेली होऊन सगळं पहिल्यापासून सांगायला लागले. तुम्ही मध्येच थांबवून एवढंच विचारलंत, “ऑइल अजून इंजिनातच आहे ना? फिल्टर फेकला नाही ना?” मला वाटलं, माणूस जरा विक्षिप्त दिसतोय. चाळीस वर्षं इंजिनं खोलून, क्रँक घासून, सिलिंडर बोअर करून तुम्ही निवृत्त झालेले आहात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं.

त्याच रात्री तुम्ही मला ईमेल लिहायला लावलीत. गाडी पुन्हा चालू करू नये. माझ्या गैरहजेरीत इंजिन खोलू नये. ऑइल, फिल्टर आणि निघालेला एकही भाग टाकू नये. स्कॅनरवरचे फॉल्ट कोड पुसण्याआधी त्यांची प्रत द्यावी. आणि क्लेम नाकारायचा असेल तर वॉरंटीच्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी कळवावं. या शेवटच्या ओळीचा परिणाम मी डोळ्यांनी पाहिला. फोनवर तीनदा ठामपणे ‘नाही’ म्हणणाऱ्या माणसाला तेच कागदावर उतरवायला नऊ दिवस लागले.

त्या नऊ दिवसांत तुम्ही मला इंजिन शिकवलंत. लाल दिवा ऑइलच्या पातळीचा नसतो, दाबाचा असतो, हे मला आधी कळायला हवं होतं. गाडी चालवायला शिकवणाऱ्या कुणी ते सांगितलं नव्हतं. चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाचं ऑइलचं भांडं, भरलेलं असलं तरी पंपाला ते ओढता येत नसेल तर क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, ज्या कड्यांत फिरतो ती बेअरिंग कोरडीच. शिवाय धावत्या इंजिनात दोन-चार बार दाब असतो आणि हा दिवा बहुतेक गाड्यांत तो अर्ध्या बारच्याही खाली उतरला की मगच पेटतो. म्हणजे दिवा दिसला तेव्हा बरंच काही होऊन गेलेलं असतं. एरवी क्रँक आणि बेअरिंग एकमेकांना टेकतच नाहीत, मध्ये केसाहून बारीक ऑइलचा थर असतो आणि क्रँक त्यावर तरंगत फिरतो. बेअरिंगचा वरचा थर मुद्दाम मऊ धातूचा का करतात, हे सांगताना तुम्ही थेट १८३९ सालात गेलात. आयझॅक बॅबिट नावाच्या अमेरिकी माणसानं कथिलाचा मऊ मिश्रधातू काढला, त्याचा एक गुण असा, की बारीक कचरा आला तर तो बेअरिंग पोटात घेतं आणि महागडा क्रँक वाचतो. “स्वतः झिजायचं, त्याला वाचवायचं,” असं म्हणताना तुमचा आवाज एखाद्या जुन्या दोस्ताबद्दल बोलावं तसा झाला होता.

मग ती अवघड गोष्ट आली. माझी एक सर्व्हिस खरंच उशिरा झाली होती. १० हजारांच्या अंतरात १,८०० किलोमीटर जास्त. वर्षअखेरीचं काम होतं, राहून गेलं. माझ्या पत्राच्या मसुद्यात मी ‘सर्व सर्व्हिस नियमित झाल्या आहेत’ असं गुळमुळीत वाक्य टाकलं होतं. तुम्ही ते वाचलंत आणि विचारलंत, “तुझ्याकडे हिशेब घेऊन येणारा माणूस असं लिहितो तेव्हा तू काय करतेस?” मी काही बोलले नाही. तुम्ही म्हणालात, “उशीर झाला, किती झाला, हे पहिल्याच परिच्छेदात लिही. त्यांच्या कॉम्प्युटरवर ते आहेच. उशीर झाला हा एक प्रश्न. त्या उशिरानं इंजिन गेलं का, हा दुसरा. ते दोन्हींचं एकच उत्तर देतायत. तू दोन वेगळी मागायची.”

काका, सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जड गेलेलं वाक्य तेच होतं, आणि ते लिहिल्यावर मला झोप लागली.

इंजिन खोलायच्या दिवशी तुम्ही माझ्यासोबत आलात. वर्कशॉपमधल्या मुलांना वाटलं, वडील आलेत सोबतीला. तुम्ही कोपऱ्यातल्या स्टुलावर बसलात आणि तासभर तोंड उघडलं नाहीत. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे ऑइल काढताना पहिली धार जाऊ दिली, मधल्या धारेतून दोन स्वच्छ बाटल्या भरल्या, झाकणावर चिकटपट्टी लावून माझी आणि सुपरवायझरची सही घेतली. एक बाटली स्वतंत्र प्रयोगशाळेला, दुसरी माझ्याकडे. मग चेंबर उतरलं. मुलानं सवयीनं ते डिझेलच्या ट्रेकडे नेलं आणि तुम्ही उभे राहिलात.

“धुवू नका.”

आवाज चढवला नव्हता, तरी सगळे थांबले. त्या मुलाचं काही चुकलंच नव्हतं म्हणा, स्वच्छ काम करायची चांगली सवय ती. पण ऑइल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी जी जाळी असते तिच्यात काळ्या रबरासारखे धागे अडकले होते, शेवयांसारखे गुंतलेले. अर्ध्याहून जास्त जाळी बंद. दोन मिनिटं डिझेलमध्ये ब्रश फिरला असता तर माझी सगळी केस नाल्यात वाहून गेली असती. तुम्ही मला प्रत्येक बाजूनं फोटो काढायला लावलेत, शेजारी मोजपट्टी ठेवून.

त्यानंतर तुम्ही सुपरवायझरला अगदी अदबीनं दोन गोष्टी दाखवायला सांगितल्यात. इंजिनाच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरची आतली बाजू, आणि सिलिंडर. उशिरा बदललेल्या ऑइलनं इंजिन मेलं असेल तर वर काळा, चिखलासारखा गाळ साचलेला दिसायला हवा. तिथे नुसता मधासारखा पातळ रंग चढला होता. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यातल्या होनिंगच्या, म्हणजे शेवटच्या घासकामाच्या, तिरप्या रेघा जशाच्या तशा होत्या. त्या रेघांचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. तुम्ही फोटो काढ म्हणालात, मी काढला.

प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि मी पार खचले. सिलिकॉन भरपूर! सर्व्हिस सेंटरनं लगेच दुसरं पत्र पाठवलं, यावेळी दोनच दिवसांत: सिलिकॉन म्हणजे धूळ, धूळ म्हणजे एअर फिल्टरची हेळसांड, हेळसांड वॉरंटीत बसत नाही. मी अहवाल घेऊन तुमच्याकडे धावले. तुम्ही तो वाचलात आणि चक्क हसलात.

“अॅल्युमिनियम बघ किती आहे.”

जवळजवळ नव्हतंच. माती म्हणजे काही शुद्ध वाळू नव्हे, तिच्यात अॅल्युमिनियमही असतं. हवेतून धूळ आत गेली तर ऑइलमध्ये दोन्ही जोडीनं वाढतात. एकटं सिलिकॉन वाढलं तर आधी सीलंटचा संशय घ्यायचा, जी पेस्ट चेंबर बसवताना कडेला लावतात तिचा. आणि धूळ हवेच्या वाटेनं येते, म्हणजे पहिली खाणार ती पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर. मग त्या तिरप्या रेघा शाबूत कशा? झिजलं होतं फक्त खाली, जिथे ऑइल पोचलं नाही तिथे. अहवालात तांबं आणि लोखंड वाढलेलं होतं ते बेअरिंग आणि क्रँकचं.

“आता एवढंच आठव,” तुम्ही म्हणालात, “हे चेंबर याआधी कोणी उघडलं होतं का?”

मी नाही म्हणाले. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक बिल तारखेनं लावलेलं, आणि असं बिल कुठेही नव्हतं. तुम्ही विचारलंत, “फुकट झालेल्या कामाचं बिल कुठे असतं?” तेव्हा ट्यूब पेटली. २१ हजारांच्या सुमारास पार्किंगमध्ये ऑइलचे थेंब दिसले होते. याच सर्व्हिस सेंटरनं वॉरंटीत गळती बंद करून दिली होती, पैसे घेतले नव्हते, म्हणून माझ्या फाइलीत कागद नव्हता. त्यांच्याकडे जॉबकार्ड होतं, आणि माझ्या जुन्या मेसेजमध्ये त्याचा नंबर. मी ते लेखी मागवलं. ‘ऑइल चेंबर काढून सीलंट लावून बसवले.’ कारखान्याचं सीलंट करड्या रंगाचं होतं आणि ब्लॉकच्या एका कोपऱ्यात त्याचा थोडा अंश अजून चिकटलेला होता. जाळीतले धागे काळे होते. पेस्ट जास्त लावली की चेंबर आवळताना ती बाहेर येते तशी आतही येते. बाहेरची पुसली जाते. आतली सुटली की जाळीत जाते.

तुम्ही म्हणालात, “मला लोखंड वाचता येतं, तुला कागद. आता लिही.” मी दीड पानाचं पत्र लिहिलं. त्यात एकही विशेषण ठेवू दिलं नाहीत तुम्ही. ‘अन्यायकारक’ काढलंत, ‘मानसिक त्रास’ काढलात. उरल्या त्या तारखा, किलोमीटर, सात फोटो, अहवाल, जॉबकार्ड आणि शेवटी एक प्रश्न: १,८०० किलोमीटरच्या उशिरामुळे जाळीत काळं सीलंट कसं आलं? पत्र सर्व्हिस सेंटरला आणि थेट कंपनीला, दोघांनाही.

त्यावर पहिली आली ती गोड ऑफर. सद्भावना म्हणून निम्मे पार्ट्स कंपनीचे, बाकी माझं, आणि ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ अशा कागदावर सही. खरं सांगते, मी पेन उघडलं होतं. दीड महिना गाडीविना काढला होता, हप्ते चालूच होते. तुम्ही ‘सही करू नकोस’ म्हणाला नाहीत. “आजच्या आज करू नकोस” म्हणालात. या दोन वाक्यांतला फरक मला फार उपयोगी पडला, कारण पहिलं ऐकून मी कदाचित केलीच असती.

अकराव्या आठवड्यात त्यांनी सगळं मान्य केलं: नवं हाफ इंजिन, म्हणजे क्रँक-पिस्टनसकट इंजिनाचा खालचा भाग, मजुरीसकट. चूक कुणाची याबद्दल पत्रात अवाक्षर नाही, आणि ‘ग्राहकहिताचा विचार करून’ हे शब्द दोनदा आहेत. मला चिडायचं होतं. तुम्ही मात्र तोवर पुढच्या कामाला लागला होतात. ऑइल कूलर आणि नळ्याही बदलून घ्यायला लावल्यात, कारण फुटलेल्या बेअरिंगचा चुरा कूलरच्या आतल्या बारीक वाटांत बसून राहतो, धुवून जात नाही, आणि नवं इंजिन त्याच चुऱ्यावर मरतं. नव्या इंजिनाला वॉरंटी नव्यानं सुरू होणार की जुन्यातली उरलेलीच लागू, हेही लेखी विचारायला लावलंत. उरलेलीच, असं उत्तर आलं. निदान माहीत तरी आहे.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. रिक्षाचेही नाही. फक्त एकदा, जाताजाता म्हणालात, “ते बेअरिंगचं शेल मिळालं असतं तर ठेवलं असतं.” मी मागितलं होतं काका, तुम्हाला न सांगता. वॉरंटीत बदललेले जुने भाग कंपनीचे होतात, म्हणून दिलं नाही. त्याऐवजी फोटो मोठा करून छापून घेतलाय, तांब्याचा थर उघडा पडलेला तो. रविवारी घेऊन येते.

नव्या इंजिनाचे परवा पहिले हजार किलोमीटर झाले. ऑइल बदललं, जाळी पाहायचा हट्ट केला नाही, पण निघालेला फिल्टर मागून घेतला आणि तो कापून पाहिला. स्वच्छ आहे. फोटो पाठवलाय, तुमचा फोन लागत नव्हता.

आणि सही केलेली ती दुसरी बाटली अजून माझ्या कपाटात आहे, फाइलींच्या मागे. ती आता टाकून देऊ की वॉरंटी संपेपर्यंत ठेवू, तेवढं सांगा.

तुमची,
ज्या गाडीला ‘साहेब’ नाहीत तिची मालकीण