मेथी निवडणारे हात

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, आठ दिवस हिमाचलला चित्रकारांच्या शिबिराला जा, पैसे मी भरतो. तुला नवे विषय मिळतील." तुझ्या मनात हे आलं यातच मला सगळं मिळालं. मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं, कारण जे सांगायचं होतं ते फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नव्हतं. डोंगर मलाही बघायचे आहेत, ते बघायला आपण सगळे मिळून जाऊ. पण विषय शोधायला मला घर सोडावंसं वाटत नाही. सध्या इथेच इतकं दिसतंय की दिवस पुरत नाही.

आजीचंच घे. तिला "अशीच बसा" म्हटलं की ती ताठ होते, पदर सारखा करते आणि चेहरा लग्नाच्या फोटोतला करते. तीच आजी दहाच्या सुमारास खिडकीशी मेथी निवडायला बसली की मी गुपचूप वही उघडते. डाव्या हातात काडी, उजव्या हाताचा अंगठा पान खुडतो, काडी वर्तमानपत्रावर पडते, हात पुन्हा जुडीकडे जातो. मग परत तेच. एका फेरीत मी मनगटाचा बाक पकडते, पुढच्या फेरीत अंगठा, त्याच्या पुढच्या फेरीत बांगडी हातावर कुठे येऊन थांबते ते. काम करणाऱ्या माणसाचं चित्र काढायला मला म्हणूनच आवडतं. ते हलतं, पण फिरून त्याच जागी येतं. समोर बसवलेलं माणूस एकदा हललं की गेलंच.

अशी चित्रं काढताना मला दिसलं की आजीची उजवी करंगळी आता पूर्ण सरळ होत नाही. डॉक्टरांना दाखवलं, काळजीचं काही नाही, वयाचं आहे. ती स्वतः याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. आता बरण्यांची घट्ट झाकणं मी आधीच सैल करून ठेवते. चित्र किती जमलं हे राहू दे, पण चित्र काढायला बसले नसते तर ती करंगळी मला इतक्यात दिसली नसती. मी रंगवते ते यासाठी.

आणि रंग! आजीचं पांढरं पातळ रंगवायचं म्हणजे जलरंगात पांढरा रंग लावायचाच नाही, कागद कोरा ठेवायचा आणि फक्त सावल्या रंगवायच्या. त्या सावल्या बघत बसलं की वेळ कसा जातो कळत नाही. खिडकीकडच्या घडीत सावली निळसर असते. मेथीच्या ढिगाशेजारी तीच सावली हिरवट होते, कारण पानांवरचा उजेड पातळावर पडतो. करडा रंग मी अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना मिसळून करते. निळा जास्त घेतला की थंड, तपकिरी जास्त घेतला की ऊबदार. काळी ट्यूब हल्ली उघडावीच लागत नाही. स्टीलच्या डब्याचंही तसंच. त्याला स्वतःचा असा रंगच नाही. ओट्याचा, भिंतीचा, शेजारच्या टोमॅटोचा रंग तो घेतो. एका डब्यात आपलं सगळं स्वयंपाकघर उभं आडवं ताणलेलं दिसतं.

तुला वाटेल, आईला घरचंच कौतुक. पण हे आपल्या बडोद्याचंच आहे रे. चित्रकार भूपेन खख्खर मुंबईचे चार्टर्ड अकाउंटंट. १९६२ मध्ये इथे आले ते विद्यापीठाच्या फाइन आर्ट्स विभागात कलासमीक्षा शिकायला. चित्रकलेचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलं नव्हतं. पुढे कितीतरी वर्षं ते एका कारखान्यात हिशेबाचं काम करायचे आणि उरलेल्या वेळात रंगवायचे. आणि रंगवलं काय? घड्याळ दुरुस्त करणारा, शिंपी, न्हावी. त्यांचं 'जनता वॉच रिपेअरिंग' हे चित्र १९७२ चं आहे. असल्या दुकानांवरून आपण रोज जातो, कुणाचं लक्षही नसतं. मी बँकेत जन्मभर खातेवह्या सांभाळल्या, त्यामुळे हिशेबाच्या टेबलावरून उठून कॅनव्हाससमोर बसणारा हा माणूस मला फार जवळचा वाटतो.

त्याआधीचंही बघ. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा तुला लहानपणी दाखवला होता, तुझं सगळं लक्ष खाली कबुतरांकडे होतं. १९ व्या शतकातला तो दिवाणांचा वाडा. भिंतींवर महाभारत आहे, कृष्णलीला आहेत, आणि त्यांच्याच बरोबरीने त्या काळच्या मराठी घरांतली माणसंही आहेत. ज्यांनी त्या भिंती रंगवल्या त्यांना देव आणि घर एकाच भिंतीवर ठेवावेसे वाटले. मला ते अगदी पटतं. पुढच्या खेपेला सावकाश बघू. नुसतं वर बघून मान दुखते, तेव्हा जिन्याच्या बाजूने सुरुवात करायची.

बाबांचं चालू आहे नेहमीचं. शनिवारी ते खंडेराव मार्केटला भाजी आणायला निघाले की मी छोटी वही घेऊन सोबत जाते. ते भाव करतात तेवढ्यात माझं एक रेखाटन होतं. भाजीवालीने वांगी कशी रचली आहेत, ताजवा उचलताना तिचा खांदा कसा चढतो, हे उभ्याउभ्या पेन्सिलीनेच होतं, रंग घरी येऊन. आता ती ओळखते. परवा स्वतःहून म्हणाली, "बेन, कोबीनो ढगलो पण दोरो ने!" मग कोबीही काढला. त्याच्या पानांच्या शिरा फिकट ठेवायला जी धडपड करावी लागते तिच्यावर वेगळं पत्र होईल.

तर शिबिराचे पैसे राहू देत. त्याऐवजी येताना जलरंगाचा कागद आण, ३०० जीएसएम म्हणजे चांगला जाड, कोल्ड प्रेस्ड म्हणजे किंचित खरखरीत, आणि कॉटनचा. पातळ कागद पाण्याने फुगतो, त्याला लाटा येतात, आणि मग रंग खळग्यात साचतो. ब्रश नकोत, आहेत.

आणि दिवाळीत आलास की सकाळी शर्टाला इस्त्री करशीलच. लवकर संपवू नकोस. दोन-तीन शर्ट जास्त कर, बाबांचेही घे. तुझा तो डावा हात कॉलर ताणून धरतो तो मला नीट बघायचा आहे.

प्रकृतीस जप. जेवण वेळेवर करत जा.

तुझी आई