कान्हेरी सातवाहनांपाशी संपत नाही

बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरी लेण्यांवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. त्यात या बौद्ध विहाराची कहाणी सातवाहनांपाशीच आटोपती घेतली आहे, हे पटले नाही. कोकणातील शिलाहार घराण्याचा राजा पुल्लशक्ती याच्या काळातील, इ. स. ८४३ च्या सुमाराच्या शिलालेखात अमात्याने दिलेल्या द्रम्मांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, नोंद आहे. बुद्धपूजा, विहाराची डागडुजी, भिक्षूंची चीवरे म्हणजे वस्त्रे आणि चक्क पुस्तके, अशी त्यांची वाटणीही केलेली आहे. पुस्तकांसाठी वेगळी तरतूद असलेला मठ ओस पडला होता, असे कसे म्हणावे? पुढे १००९ आणि १०२१ मध्ये आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावे पहलवी या जुन्या इराणी लिपीत इथल्याच भिंतींवर कोरली. पुरवणीने या लेखांची छायाचित्रे मराठी वाचनासह जरूर छापावीत.

– एक वाचक, बोरिवली